विश्रांती रद्द

३ जून, सकाळी

आजपासून रोज लिहायचं. मोठ्या खेळाडूंचे वडील नोंदी ठेवतात असं ऐकलं आहे.

नोव्हेंबरमध्ये सोळा वर्षांखालच्या मुलींची फुटबॉलची निवड चाचणी. आमची गिरकी पंधरा वर्षांची. खरं नाव वेगळं, पण बॉल घेऊन अशी वळते की समोरची पोरगी भलतीकडेच पळत सुटते, म्हणून मैदानावर सगळे गिरकी म्हणतात. आता घरीही तेच. टॅलेंट उपजत आहे. माझ्याकडून आलंय. मी कॉलेजच्या टीममध्ये होतो. राखीवमध्ये, पण टीममध्येच.

प्लॅन: पहाटे पाचला धावणं. मग शाळा. संध्याकाळी क्लबची प्रॅक्टिस. जेवणाआधी गॅरेजच्या भिंतीवर पासिंग, आधी डावा पाय, मग उजवा. रविवारची सुट्टी रद्द. विश्रांती ही हरणाऱ्यांनी काढलेली सोय आहे.

मीही बरोबर धावणार. बापाने नुसतं तोंडाने सांगून भागत नाही.

४ जून

पाचला उठलो. गिरकी आधीच बूट घालून दारात उभी. कोपऱ्यापर्यंत जोडीने धावलो. पोटरीत गोळा आला. तिची लय बिघडायला नको म्हणून स्कूटर काढली. मागून हॉर्न दिला की तिचा वेग वाढतो. स्कूटरच बरी. सगळं नीट दिसतं.

९ जून

क्लबच्या कोचबाई एकेकाळी स्वतः खेळलेल्या. गुडघ्यावर ऑपरेशनचा लांब व्रण आहे. बाई भल्या, पण कारभार ढिला. मुलींना सांगतात की आठवड्यातून एक दिवस बॉलकडे ढुंकूनही बघू नका. आज मला बाजूला घेऊन विचारलं, घरी आणखी काही करून घेता का. म्हटलं, घरी अभ्यास. भिंतीवर पासिंग हाही एक अभ्यासच.

२३ जून

गिरकीचे दोन गोल. दुसऱ्याला तर समोरची बॅक चक्क खाली बसली.

माझ्या शेजारी गोलकीपरचा बाप असतो. टॅक्सी चालवतो. टॅक्सीतली उशी आणून पायरीवर टाकतो आणि वर्तमानपत्र वाचत मॅच बघतो. म्हणाला, तुमची पोर काय हलकी खेळते हो. म्हटलं, त्यामागे मेहनत असते, तुमची रविवारी सकाळी काय करते? म्हणाला, झोपते, नऊपर्यंत हलत नाही. वर हसलाही. अशा माणसाशी काय बोलायचं. पालथ्या घड्यावर पाणी.

५ जुलै

शाळेच्या टीमलाही गिरकी हवी आहे. पीटीचे सर स्वतः घरी आले. शाळेच्या इज्जतीचा प्रश्न आहे म्हणाले. मी लगेच होकार दिला. दोन टीम म्हणजे दुप्पट अनुभव. गिरकी म्हणाली, बाबा, मंगळवारी दोन्ही एकदम येणार, दुपारी मॅच आणि संध्याकाळी प्रॅक्टिस. म्हटलं, तेच तर हवंय. ही आतून म्हणाली, आणि पोरीने जेवायचं कधी. हिला कुठल्याही विषयात जेवणच दिसतं.

कोचबाईंना शाळेच्या टीमबद्दल बोललो नाही. लपवलं असं नव्हे. त्यांनी विचारलं नाही.

१४ जुलै

गिरकीसाठी नाडी मोजणारं घड्याळ आणलं. सकाळी डोळे उघडल्या उघडल्या आकडा बघायचा. आता सगळं सायन्सने.

२८ जुलै

सकाळची नाडी सारखी वाढतेच आहे. इंजिन जोरात. घड्याळाच्या माहितीपत्रकात उलटंच छापलंय, सकाळची नाडी चढत असेल तर शरीराला आराम द्या वगैरे. ते सामान्य माणसांसाठी असावं.

रात्री नीट झोपत नाही म्हणे. ध्येयाने पछाडलेल्यांना झोप कमीच लागते. मला स्वतःला मात्र आठ तास लागतात, कारण दिवसभर ऑफिसचा व्याप.

६ ऑगस्ट

गिरकीला तिसऱ्यांदा सर्दी. हवाच तशी आहे.

हिने तिच्या शॉर्टची कंबर पुन्हा आत घेतली. हिचं कपडे अल्टर करायचं दुकान आहे, त्यामुळे हिला माणसं इंचातच दिसतात. म्हणाली, जूनपासून दुसऱ्यांदा घेतेय. म्हटलं, चरबी झडतेय. म्हणाली, होती कुठे चरबी? डबा उचलून निघालो. ऑफिसला उशीर होत होता.

७ ऑगस्ट

वाईट दिवस. आमचं काम लिफ्टच्या सर्व्हिसिंगचं, मी सुपरवायझर. एका इमारतीत लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकली. आठ माणसांची लिफ्ट, त्यात अकरा जण, वर एक कपाट. जादा वजनाचा बझर किती दिवस बोंबलत होता, तर कोणीतरी त्यात कागद कोंबून ठेवलेला. आणि बंद पडल्यावर शिव्या आम्हाला. यंत्र आधी सांगतं आणि मगच बसतं, एवढी साधी गोष्ट शिकल्या-सवरल्या लोकांना कळत नाही. त्यांच्या सेक्रेटरीला चांगलंच फैलावर घेतलं.

घरी आलो तर गिरकी भिंतीवर पासिंग करता करता रडत होती. पाय चालू, डोळ्यांतून पाणी. का म्हणून विचारलं तर म्हणाली, माहीत नाही, आपोआप येतंय. वयच तसं आहे.

२० ऑगस्ट

ही स्वयंपाकघराचं दार लोटून हळू आवाजात म्हणाली, तिचे तीन महिने झाले. म्हटलं, कसले तीन महिने? हिने भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवलं. मग कळलं. हा आईच्या खात्यातला विषय, मी त्यात काय बोलणार. म्हणाली, डॉक्टरकडे नेते. म्हटलं, चाचणी होऊ दे, मग ने. एवढ्या तेवढ्यावरून डॉक्टर म्हणजे उगाच मनात भरवून द्यायचं.

ही म्हणाली, तुम्हाला नक्की काय हवंय? चांगला प्रश्न होता. पण तेवढ्यात फोन आला.

२ सप्टेंबर

फॉर्म थोडा खाली. बॉल पायाशी थांबत नाही, पूर्वी चिकटायचा. काल तिसऱ्या मिनिटाला वळली आणि बॉल मागेच राहिला. गोलकीपरचा बाप म्हणाला, पोर दमलेली दिसते. म्हटलं, दमली नाही, ढिली पडली आहे. निदान झालं की इलाज सोपा. वाढवायचं.

आमच्याकडे सर्व्हिसिंगला असलेल्या टॉवरचा जिना सोमवारपासून वापरायचा. चौदा मजले. वॉचमन ओळखीचा.

९ सप्टेंबर

जिना सुरू. गिरकी पायऱ्यांनी, मी लिफ्टने. वर थांबून वेळ घेतो. लिफ्ट उत्तम चालते, आमच्याच लोकांनी ऑइलिंग केलंय.

वर पोचली तेव्हा कठड्याला धरून उभी राहिली. मग म्हणाली, बाबा, खाली लिफ्टने येऊ का तुमच्याबरोबर? म्हटलं, उतरताना मांड्यांना वेगळा व्यायाम मिळतो. ती बरं म्हणाली आणि वळली. किती गुणी पोर. दुसरी असती तर वाद घातला असता.

१२ सप्टेंबर

शाळेतून फोन. गणिताच्या पेपरात गिरकी बाकावर डोकं ठेवून झोपली. बाई म्हणाल्या, उठवावंसं वाटलं नाही. हे शिक्षक. पगार कशाचा घेतात मग?

रात्री गिरकीला बसवून बोललो. त्याग, शिस्त, शिखर एकट्याचंच असतं, इत्यादी. चांगलं बोललो. मधे थांबलो तेव्हा म्हणाली, बाबा, उद्या एक दिवस नको ना. म्हटलं, हा एक दिवसच माणसाला संपवतो. मी कॉलेजात असताना असाच एक दिवस, इथून पुन्हा सुरू केलं. ही उठून गेली. गिरकी बसून होती, डोळे उघडे ठेवून.

१६ सप्टेंबर

कुरकुर पूर्ण बंद. आता काही सांगितलं की फक्त हो म्हणते. मनाने तयार झाली.

नडगी दुखते म्हणाली. कुठे विचारलं तर एका जागी बोट टेकवून दाखवलं, बरोब्बर तिथेच. म्हणजे दुखणं बोटाएवढंच आहे. मलम लावलं. हात लावताच पाय ओढून घेतला. मलम थंड होतं.

१८ सप्टेंबर

कोचबाईंनी प्रॅक्टिसनंतर थांबवून घेतलं. म्हणाल्या, काल गिरकी ड्रेसिंग रूममध्ये एक बूट काढून दुसरा पायात तसाच ठेवून झोपली, मी उठवलं तर विचारते, सकाळ झाली का? मग सरळच म्हणाल्या, मला सगळं समजलंय, शाळेची टीम, पहाटेचं धावणं, जिना. टॅक्सीवाल्याने पाहिलं असणार त्या टॉवरपाशी. माणसाच्या पोटात काही राहत नाही.

म्हणाल्या, दोन आठवडे पूर्ण बंद, क्लबचंही. मी म्हटलं, चाचणी तोंडावर आहे. म्हणाल्या, म्हणूनच. मग स्वतःच्या गुडघ्याकडे बघून म्हणाल्या, हा कसा गेला ते सांगू का? म्हटलं, नंतर कधीतरी, सध्या घाई आहे.

मत्सर असू शकतो. स्वतःचं करिअर अर्धवट राहिलेल्यांचं असंच होतं. काही लोक आपली अपुरी हौस दुसऱ्यांच्या पोरांवर काढतात.

१९ सप्टेंबर

बाईंचा मान ठेवायचा ठरवलं. क्लब बंद, पहाटेचं बंद, जिना बंद. पण शनिवारची शाळेची मॅच काही त्यांच्या अखत्यारीत येत नाही. आणि तिला फक्त अर्धा वेळ खेळवू असं सरांशी बोललो. सर म्हणाले, अर्धा कशाला, फायनल आहे. बरोबर आहे त्यांचंही.

हिला सांगितलं की नुसतं बघायला जातोय.

२१ सप्टेंबर

झालं ते असं.

दुसऱ्या हाफमध्ये गिरकी उजवीकडून एकटी निघाली. जवळपास कोणी नाही. समोर मोकळं मैदान. आणि चालता चालता माणूस चावी विसरल्यासारखा थांबतो, तशी थांबली. एका पायावर उभी राहिली. मग हळूच खाली बसली. कोणी धक्का दिला नाही, काही नाही. बॉल आपला पुढे घरंगळत गेला आणि लाइनच्या बाहेर पडला.

मला वाटलं घसरली. ओरडलो, ऊठ. ती उठली नाही. पुन्हा ओरडलो. तेवढ्यात सगळं मैदान गप्प झालं होतं, त्यामुळे आवाज फार मोठा वाटला. आमच्या कामात लिफ्टच्या खड्ड्यात उतरलेल्या माणसाला वरून हाका माराव्या लागतात, त्याची सवय.

समोरच्या टीमच्या दोघी पोरींनी तिला खांद्यावर घेऊन बाहेर आणलं. मी पुढे झालो तर तिने त्यांच्या खांद्यावरचे हात काढले नाहीत.

२३ सप्टेंबर

हाडांचे डॉक्टर. नडगीला तडा. पडून नव्हे, म्हणाले, घासून घासून. म्हटलं, हाड कसं घासेल? म्हणाले, दिवसा झिजतं आणि रात्री भरून येतं, भरायला वेळच दिला नाही तर एक दिवस चिरतं. मग गिरकीला म्हणाले, तुझा आठवडा सांग बघू. ती छताकडे बघत सांगत गेली, सोमवार, मंगळवार, बुधवार, एकेक. रविवारी थांबली, तेव्हा मी आठवण करून दिली, दोरीच्या उड्या राहिल्या. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

मला जरा बाहेर बसायला सांगितलं. आत ही आणि गिरकी बराच वेळ होत्या. बाहेर भिंतीवर सांगाड्याचं चित्र होतं. खूपच हाडं असतात. ही बाहेर आली तेव्हा डोळे लाल. रक्ताच्या तपासण्या लिहून दिल्या आहेत, वजनासाठी आणि त्या दुसऱ्या, तीन महिन्यांच्या गोष्टीसाठी. ही म्हणाली, सगळं एकच आहे म्हणाले, पोर खाण्यापेक्षा जास्त खर्च होत होती.

गाडीत गिरकीने विचारलं, म्हणजे नोव्हेंबर गेला ना? म्हटलं, बघू, विज्ञान कुठल्या कुठे गेलंय. ती म्हणाली, बरं झालं. आणि डोकं काचेला टेकून झोपली, घर येईपर्यंत.

धक्क्याने बोलली असणार.

२९ सप्टेंबर

नवा प्लॅन. वेळ फुकट घालवायचा नाही. एक पाय बंद आहे, दुसरा आणि दोन हात मोकळे आहेत. पलंगावरचे व्यायाम, मॅचचे व्हिडिओ, डोळ्यांची तयारी. कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून तिच्या खोलीच्या दाराला लावला.

संध्याकाळी कागद नव्हता. हिला विचारलं तर म्हणाली, मी काढला, शिवणाचा नमुना कापायला हवा होता. एवढं घर कागदांनी भरलंय.

१३ ऑक्टोबर

गिरकी झोपते. दुपारी झोपते, रात्री झोपते, सकाळी साडेनऊला उठून दूध पिते आणि पुन्हा आडवी. मी दारातून बघून येतो. तोंड उघडं, एक हात खाली लोंबकळतो, लहान असताना झोपायची तशीच. आधी राग यायचा. आता रोज बघायला जातो, का ते माहीत नाही.

३ नोव्हेंबर

गिरकीने तिसऱ्यांदा वाढून घेतलं. गालांवर रंग. काल रात्री हिच्याबरोबर कशावरून तरी खिदळत होती. मी आत गेलो तर दोघी थांबल्या. म्हटलं, मलाही सांगा. म्हणाली, काही नाही बाबा, असंच.

१६ नोव्हेंबर

निवड चाचणी. स्पर्धेचा अंदाज घ्यावा म्हणून मी एकटाच गेलो. गोलकीपर निवडली गेली. नऊपर्यंत झोपणारी. तिच्या बापाने उशी माझ्याकडे सरकवली, म्हणाला, बसा. बसलो. तो म्हणाला, तुमची पोर असती तर पहिलं नाव तिचं. मी म्हटलं, हो. चांगला माणूस आहे, फक्त महत्त्वाकांक्षा नाही. पोरगी निवडली गेली तरी वर्तमानपत्र तसंच मांडीवर.

कोचबाई तिथेच होत्या. गिरकी कशी आहे विचारलं. म्हटलं, मानसिक तयारी जोरात चालू आहे. त्यांनी मान हलवली आणि निघून गेल्या. बाईंचा स्वभाव आता लक्षात आलाय, मनाला लावून घ्यायचं नाही.

८ डिसेंबर

डॉक्टरांची परवानगी. हळूहळू खेळायला हरकत नाही. मला वाटलं होतं की गिरकी बॉलकडे बघणारही नाही आता. पण सकाळी स्वतःहून बूट बाहेर काढले, ओल्या फडक्याने पुसले, लेस नव्या ओवल्या. मी लांबून पाहिलं. काय ते म्हणतात, रक्तातच असतं.

लगेच बसून पुढच्या वर्षाचा प्लॅन आखला. या वेळी समजुतीने. जिना नाही. पहाटे पाच नाही, साडेपाच.

१५ डिसेंबर

ही शिलाई मशीनवर बसल्या बसल्या, माझ्याकडे न बघता म्हणाली, पुढच्या रविवारपासून ती क्लबला जाणार आहे, आठवड्यातून दोनदा, कोचबाईंशी तिचं तिने बोलून घेतलंय. म्हटलं, वा, मी स्कूटर काढतो. ही म्हणाली, नाही, टॅक्सीवाले येता-जाता नेणार आहेत. मग मशीन थांबवलं आणि म्हणाली, तुम्ही यायचं नाही असं तिचं म्हणणं आहे, मॅचलाही नाही आणि प्रॅक्टिसलाही नाही. म्हटलं, हे तिने सांगितलं की तू? म्हणाली, तिनेच. तुम्हाला सांगायची तिला भीती वाटत होती म्हणून मी सांगतेय.

भीती कसली. मी कधी हात उचललेला नाही.

मोठ्या खेळाडूंना एकांत लागतो. समजू शकतो.

२२ डिसेंबर, रविवार

सकाळी टॅक्सीचा हॉर्न वाजला. गिरकी जिन्यावरून पळत गेली, ही डबा घेऊन मागे. ही पण जाते बघायला, हे मला आजच कळलं. आजवर कधी आली नव्हती. आजवर कोणी बोलावलं नव्हतं म्हणते.

घरात कोणी नाही. जुने व्हिडिओ बघायला बसलो. मीच काढलेले. प्रत्येकात खेळापेक्षा माझाच आवाज जास्त आहे. आवाज बंद करून बघितला. एका ठिकाणी ती वळते, बॉल पायाशी, आणि समोरच्या पोरीला चकवल्यावर हसते. मग लगेच कॅमेऱ्याकडे बघते आणि हसणं थांबवते. एवढंच पुन्हा पुन्हा बघितलं.

अकराला न राहवून टॅक्सीवाल्याला फोन केला. किती झाले विचारलं. म्हणाला, कोणी मोजतच नाहीये, आपसातच खेळताहेत, दोन-दोन बॉल आहेत मैदानात. गिरकी कशी खेळतेय विचारलं. म्हणाला, आत्ता तर गोलमध्ये उभी आहे, माझ्या पोरीचे हातमोजे घालून, एकही अडवता येत नाहीये आणि हसून हसून पोट धरलंय. मागून ऐकू येत होतं. तिचाच आवाज. एवढा मोठा आहे हे माहीत नव्हतं.

म्हणाला, या की, गेटबाहेरून बघा, कोणाला दिसणार नाही. म्हटलं, आलो असतो हो, पण काम आहे.

तो बरं म्हणाला. रविवार आहे हे त्यालाही माहीत असणार.